सोलकरचाचांची हजेरी

आमच्या बिल्डिंगमधले सोलकरचाचा कुठल्याही गाडीत बसण्यापूर्वी तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारतात. गाडी कोणाचीही असो. टॅक्सी असो, शेजाऱ्याची असो, लग्नाची सजवलेली असो. चारही टायरांवर बोटांची मागची बाजू ठोकायची, कान देऊन आवाज ऐकायचा, आरसे बघायचे, मग गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकायचं आणि तेल कुठे ठिबकतंय का ते पाहायचं. वय सत्तरीच्या पुढे, त्यामुळे वाकायला वेळ लागतो आणि सरळ व्हायला त्याहून जास्त. तोवर आत बसलेल्या माणसाने गप्प बसायचं.

एकदा मुंबईला जाताना विमानतळावर त्यांना व्हीलचेअर मिळाली. चाचांनी आधी व्हीलचेअरभोवती फेरी मारली. मग विमानात शिरल्या शिरल्या त्यांनी हवाईसुंदरीला विचारलं, "टायर कोणी बघितले?" ती म्हणाली, आमचे इंजिनिअर बघतात. "आणि कॅप्टन?" कॅप्टन आत बसलेत, म्हणाली. चाचांनी मान हलवली. "त्याला सांग, दुसऱ्याच्या नजरेवर गाडी हाकायची नाय." ही हकीकत मला स्वतः चाचांनीच सांगितली, आणि शेवटी म्हणाले, "कंपनीत असां चालायचा नाय."

हे त्यांचं पेटंट वाक्य. दोह्यातल्या ओल्ड एअरपोर्ट भागात आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात मी ते पहिल्यांदा ऐकलं. मी ऑफिसला निघाले होते, उशीर झाला होता, आणि एक उंच, वाळका म्हातारा माझ्या गाडीला ठोकत फिरत होता.

"बाय, मागचा डावा बसलाय."

"चालेल हो चाचा, संध्याकाळी बघते."

"चालंल?" ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी ब्रेक काढून ठेवून निघाले होते. "कंपनीत असां चालायचा नाय."

मला वाटलं, माझ्याच कंपनीबद्दल बोलतायत. मी एका कन्स्ट्रक्शन कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. म्हणजे कुठल्या कागदाची कितवी आवृत्ती खरी, हे सांगणं माझं काम. मी घाबरून टायर बदलला. दोन महिन्यांनी कळलं की चाचांच्या बोलण्यात 'कंपनी' एकच. ऐन तरुणपणी ज्या ब्रिटिश कंपनीत त्यांनी लॉऱ्या चालवल्या, ती. इंग्लंडात डोंगर फोडून खडी विकणारी, माल वाहणारी जुनी कंपनी. इथे वाळवंटात तिने खाण घेतली, क्रशर बसवला, आणि दोह्याच्या किती रस्त्यांखाली तिची खडी आहे याची यादी चाचांना तोंडपाठ आहे. ती कंपनी इथून गाशा गुंडाळून गेली त्यालाही तीस-पस्तीस वर्षं झाली. चाचा नंतर आणखी तीन ठिकाणी नोकऱ्या करून रिटायर झाले. त्या तीन मालकांची नावं विचारा, त्यांना आठवत नाहीत.

आता ते मुलीकडे, जरीनाकडे राहतात. जरीना एका क्लिनिकमध्ये लॅब टेक्निशियन. वडिलांवर जीव आहे, पण चारचौघांत त्यांनी तोंड उघडलं की ती दुसरीकडे बघते. कारण चाचांचं इंग्रजी.

ते रोज सकाळी मला लिफ्टपाशी म्हणायचे, "एयप मिडक!" मी समजले, अरबी आहे. 'यल्ला', 'खलास' इथे सगळेच बोलतात, त्यातलाच एखादा जुना शब्द असेल. मीही उत्साहाने उत्तर द्यायला लागले. एवढंच नाही, ऑफिसमधल्या इजिप्शियन सहकाऱ्याला एका सकाळी मी मोठ्या आत्मविश्वासाने "एयप मिडक" म्हटलं. त्याने फार विचार करून विचारलं, "तुला बरं वाटतंय ना?"

उलगडा केला माझ्या आठ वर्षांच्या सईने. सईला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. ती म्हणाली, "Aai, he is saying 'my duck'. He called me a duck!"

चाचांना विचारलं तर ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "जॅकसाहेबाची बोली हाय ती. इज्जतदार माणसाला तसां म्हणायचा." जॅकसाहेब म्हणजे खाणीवरचा फोरमन, डर्बीशायरच्या डोंगरातला. चाचांना जे इंग्रजी येतं ते सगळं जॅकसाहेबाकडून आलेलं, आणि त्याच्या गावात 'एयप' म्हणजे 'काय, कसं काय', आणि माणसाला प्रेमाने बदक म्हणतात. त्यामुळे रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठी जन्मलेला हा माणूस दोह्यातल्या बँकेच्या मॅनेजरला, शाळेच्या प्रिन्सिपल बाईंना आणि एकदा ट्रॅफिक पोलिसाला "थँक यू, डक" म्हणून मोकळा झाला होता. पोलिसाच्या वेळी जरीना शेजारीच होती. तो प्रसंग सांगताना ती अजूनही डोळे मिटून घेते.

गेल्या वर्षी एका शनिवारी चाचा चहाच्या वेळी आमच्याकडे आले आणि म्हणाले, "बाय, त्या कॉम्प्युटरमधी कंपनीचा काय ठावठिकाणा लागतो का बग."

लागला. त्या कंपनीच्या जुन्या माणसांनी आपल्या आठवणी लिहिलेलं एक पान सापडलं. सगळे इंग्लंडातले ड्रायव्हर. बर्फात घसरलेली लॉरी, घाटात जळालेले ब्रेक, हिटर नसलेल्या केबिनमध्ये पायाला गुंडाळलेली पोती. मी वाचत होते, मराठीत सांगत होते, आणि चाचा प्रत्येक वाक्याला "बराबर, बराबर" म्हणत होते. जन्मात बर्फ न पाहिलेला माणूस. "आमच्याकडे उलटां. दरवाजाला पाण्याचा कॅन बांधायचा, वर गोणपाट भिजवून. स्टीअरिंगला हात लावला की चटका. पन गिअर तोच, बाय! दोनदा क्लच दाबल्याबगर पडायचाच नाय."

पानाच्या तळाशी एकच फोटो कतारचा होता. क्रशरसमोर लॉऱ्यांची रांग आणि पुढे अकरा माणसं, उन्हाने डोळे बारीक केलेली. खाली इंग्रजीत एक ओळ.

"काय लिवलाय?"

मी वाचलं. "कतार. स्थानिक ड्रायव्हर. नावं माहीत नाहीत."

चाचांनी कप खाली ठेवला. "स्थानिक म्हंजे?"

"लोकल."

"लोकल? आमी? मी होडीतून बस, बसमधून बोट, बोटीतून हितं आलो, तो लोकल?" मग आवाज खाली आला. "आणि नावं म्हाईत नाय? रोज सकाळी जॅकसाहेब हजेरी घ्यायचा. लॉरीचा नंबर, मग नाव. आमी 'हाजिर' बोलायचो. रोज!"

ते उठले आणि स्क्रीनवर बोट टेकवत गेले. "एक नंबर, बादशाह. ह्याला पार्किंगची पयली जागा लागायची. तीन नंबर, रेडिओ. झोपेतपन बोलायचा. चार, पहलवान. फुंकर मारली तर पडंल. सहा, केळशीवाला. सात, गणपत, डावा आरसा कायम ढिला. नऊ, मी." बोट क्षणभर स्वतःवर थांबलं. काळ्या दाट केसांचा, हसणारा, छाती काढून उभा असलेला पोरगा. "लिव बाय. त्यांना लिव. नावं आमाला म्हाईत हायत."

मी त्या पानावरच्या पत्त्यावर मेल टाकली. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं ते जॅकसाहेबाच्या मुलीचं. बार्बराबाई. वडील वारले, म्हणाली, फोटो त्यांच्या ट्रंकेत होता. तुमची मेल वाचून मी रडले. आमच्या गावच्या हॉलमध्ये कंपनीच्या इतिहासाचा एक मोठा फलक लागणार आहे, हा फोटो त्यावर आहे. सहा आठवड्यांनी छपाईला जाईल. तेवढ्यात अकराही जणांची पूर्ण नावं द्याल तर खाली छापू. पण पूर्ण नावं हवीत, टोपणनावं नकोत.

इथे चाचांची पंचाईत झाली. त्यांना लॉऱ्यांचे नंबर पाठ होते, कोणाचा कुठला आरसा ढिला ते पाठ होतं, पण 'रेडिओ'चं नाव काय, हे कोणी कधी विचारलंच नव्हतं.

मग आमच्या हॉलमध्ये कारभार सुरू झाला. मी तक्ता केला. लॉरी नंबर, टोपणनाव, खरं नाव, गाव, खात्री कोणी केली. चाचा फोनवर. केळशी, गुहागर, मंडणगड, मग केरळ, मग सियालकोट. गुहागरच्या गणपतचं 'गणपत घाणेकर' पहिल्याच फोनमध्ये पूर्ण झालं, कारण फोन स्वतः गणपतनेच उचलला. दोघे म्हातारे पंधरा मिनिटं नुसते एकमेकांचे लॉरी नंबर ओरडत होते. केरळात 'रेडिओ'च्या मुलाला हिंदी येईना. चाचांना मल्याळममधले चार शब्द येतात. त्यातले तीन जेवणाचे आहेत आणि चौथा सईसमोर बोलण्यासारखा नाही. तरी तासाभराने नाव मिळालं. अब्दुल रहमान कोया.

जरीना रोज ड्युटीवरून येऊन दारात उभी राहून ऐकायची. एकदा मला हळूच म्हणाली, "ताई, मी लहान असताना अब्बा दोन वर्षांनी एकदा घरी यायचे. महिनाभर. मला त्यांच्याशी काय बोलायचं तेच कळायचं नाही. आत्ता कळतंय, त्यांच्याकडे एवढं होतं."

एकीकडे बार्बराबाईला आठवणीही जात होत्या. चाचांची सगळ्यात लाडकी म्हणजे क्रशरच्या जबड्याची. बंदरावर उतरलेला, दगड चिरडणारा प्रचंड लोखंडी जबडा, खाणीकडे जाताना पुढचा रस्ता खचलेला, वळवायला जागा नाही. तेव्हा चाचांनी भरलेली लॉरी मागच्या फाट्यापर्यंत उलटी नेली, समोर जॅकसाहेब हातवारे करत चालतोय. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा अंतर दोन किलोमीटर होतं. पुढच्या आठवड्यात तीन झालं. मी दोन्ही तारखांसह नोंदवून ठेवलं, माझा धंदाच तो. "चाचा, ही रिव्हिजन दोन. खरी कुठली?"

"लिव पाच," चाचा म्हणाले. "नव्या लोकांना काय कळतंय."

मी दोनच लिहिलं. चार दिवसांनी बार्बराबाईचं उत्तर आलं. तिने वडिलांची डायरी काढून बघितली होती. त्या दिवसाच्या पानावर जॅकसाहेबाने लिहिलं होतं: "सोलकरने जबडा उलटा आणला. एक मैल आणि थोडं वर. चांगला पोरगा."

मी वाचून दाखवलं. चाचांनी पुन्हा वाचायला लावलं. मग तिसऱ्यांदा. मग स्वतः इंग्रजीत म्हणून बघितलं, "गुड लॅड." त्या दिवशी ते लिफ्टऐवजी जिन्याने गेले, तीन मजले, आणि प्रत्येक मजल्यावर जो भेटेल त्याला सांगत गेले.

तीन आठवडे झाले. दहा नावं मिळाली. अकरावं मिळेना.

फोटोत अगदी कडेला, फेटा बांधलेला, थोडा तिरपा उभा असलेला माणूस. दोन नंबरचा. उस्ताद. मकरानच्या किनाऱ्यावरचा बलोच. सगळ्यांना त्यानेच लॉरी शिकवलेली, चाचांनाही. जॅकसाहेबसुद्धा हजेरीत "नंबर दोन, उस्ताद" असंच म्हणायचा. बार्बराबाईच्या कागदांतही तेवढंच. ती म्हणाली, हरकत नाही, एकाच्या नावाच्या जागी 'उस्ताद' छापू.

"नाय," चाचा म्हणाले. "लिव तिला, थांब."

"चाचा, छपाई आहे. दहा मिळाली हेच पुष्कळ."

"दहावर हजेरी संपते काय? कंपनीत असां चालायचा नाय." पण या वेळी ते वाक्य म्हणताना त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

एवढंच माहीत होतं की कंपनी गेल्यावर उस्ताद अल रय्यान भागात भावाच्या टायरच्या दुकानात बसायला लागला होता, आणि पुढे तो वारल्याचं चाचांच्या कानावर आलं होतं. मग तीन शनिवार मी चाचांना घेऊन अल रय्यानची टायरची दुकानं पालथी घातली. प्रत्येक वेळी निघताना माझ्या गाडीला फेरी, प्रत्येक दुकानापाशी उतरून पुन्हा बसताना फेरी. दुकानदारांना वाटायचं, हे गिऱ्हाईक आहे. तीन दुकानांत मला टायर घ्यायला लागला. तिसऱ्या शनिवारी माझ्या गाडीचे तीन टायर नवे होते आणि उस्तादच्या दुकानाचा पत्ता नव्हता.

शेवटचं दुकान एका गल्लीच्या टोकाला होतं. एक लँडक्रूझर जॅकवर चढवलेली, खाली कोणाचे तरी पाय. चाचा दमले होते. वाकून त्या पायांना म्हणाले, "एयप मिडक."

गाडीखालून आवाज आला, "एयप मिडक!"

आम्ही दोघंही जागच्या जागी उभे. पन्नाशीचा एक धिप्पाड माणूस घसरत बाहेर आला, हाताला ग्रीस, आणि चाचांकडे बघतच राहिला. "चाचाजी, ये आपने कहाँ सीखा?"

"तूने कहाँ सीखा?"

"हमारे ताया बोलते थे. घर में सबको बोलते थे. हम समझते थे, हिंदुस्तानियों की ज़बान है. आप लोगों से सीखी होगी."

चाचांनी माझ्याकडे हात केला. मी फोनवर फोटो उघडून पुढे धरला. त्या माणसाने ग्रीसचा हात पँटला पुसला, फोटो मोठा केला आणि कडेच्या फेट्यावर बोट ठेवलं. "ये. ये हैं हमारे ताया."

त्या थोरल्या चुलत्यांचं नाव वली मोहम्मद. वडिलांचं दाद रहीम. गावी परत गेले आणि तिथेच वारले, त्याला बरीच वर्षं झाली. चाचांनी नाव माझ्याकडून लिहून घेतलं, त्या माणसाकडून वाचून घेतलं, स्पेलिंग तपासलं, वडिलांचंही नाव लिहायला लावलं. बार्बराबाईला तिथूनच, टायरच्या ढिगाशेजारी उभी राहून मेल टाकली. छपाईला दोन दिवस होते. तिचं एका ओळीचं उत्तर आलं: "अकरा! मी छापखान्याकडे पळतेय." दुकानदाराने चौथा टायर बदलून दिला आणि आमचं काही ऐकून घेतलं नाही.

फलक लागला त्या दिवसाचा फोटो बार्बराबाईने पाठवला. दगडी हॉल, गोरी म्हातारी मंडळी, भिंतीवर मोठा फोटो आणि खाली अकरा नावं, लॉरीच्या नंबरासकट. 'स्थानिक' शब्द गेला होता. त्याऐवजी होतं, 'आमचे कतारमधले ड्रायव्हर'.

पुढच्या शुक्रवारी दुपारी जरीनाने बिर्याणीचा मोठा टोप चढवला आणि सगळ्या मजल्यांना बोलावलं. टीव्हीवर व्हिडिओ कॉल जोडला. गुहागरहून गणपत घाणेकर, मंडणगडहून बादशाहची बायको, सियालकोटहून पहलवानचा नातू, केरळहून रेडिओचं सगळं कुटुंब, एका चौकटीत डर्बीशायरहून बार्बराबाई. चाचा इस्त्रीचा शर्ट घालून, हातात मी छापून दिलेला तक्ता घेऊन उभे राहिले. घसा साफ केला.

"नंबर एक. यूसुफ बादशाह."

टीव्हीतून एक बाई म्हणाली, "हाजिर." तिचा नवरा जाऊन वर्ष झालं होतं.

"नंबर दोन. वली मोहम्मद, दाद रहीम."

टायरवाला पुतण्या आमच्यातच, सोफ्याशेजारी उभा होता. तो इतक्या जोरात "हाजिर!" म्हणाला की शेजारचं बाळ जागं झालं.

"नंबर तीन. अब्दुल रहमान कोया."

"प्रेझेंट सर!" रेडिओचा मुलगा ओरडला आणि त्याच्या मागची पंधरा माणसं हसली. असं करत करत हजेरी अकरापर्यंत गेली. गणपतने तर "हाजिर, आरसा घट्ट आहे" असं सांगितलं. नऊ नंबर आला तेव्हा चाचा थांबले, कारण स्वतःचं नाव स्वतः पुकारावं की नाही, हे त्यांना कळेना. तेव्हा जरीना पुढे झाली. तिने तक्ता त्यांच्या हातातून घेतला आणि मोठ्याने वाचलं, "नंबर नऊ. हसन इब्राहिम सोलकर."

"हाजिर," चाचा म्हणाले, आणि टाळ्यांनी खोली भरून गेली. जरीना या वेळी दुसरीकडे बघत नव्हती.

नंतर चार-पाच दिवसांनी, सकाळी, मी ऑफिसला निघाले तर चाचा खाली बाकावर उन्हात बसले होते. मला पाच मिनिटं वेळ होता. मी शेजारी बसले आणि बरेच दिवस मनात होतं ते विचारलं. "चाचा, त्या एका नावासाठी तुम्ही तीन शनिवार उन्हात फिरलात. 'उस्ताद' छापलं असतं तरी चाललं असतं की."

"मी नवा होतो," चाचा म्हणाले. "शिकत होतो, उस्तादच्या बाजूला बसून. गावाकडनं पत्र आला. बाप गेला. पत्र पोचेतोवर मातीला वीस दिवस झालेले. मी कोणाला बोललो नाय. सकाळी लॉरीत बसलो, गिअर पडेना. दोनदा क्लच दाबतोय, पडेना. उस्तादने माझ्या हातावर हात ठेवला, गाडी बाजूला घ्यायला लावली. बोलला, क्या हुआ. मी सांगितला. आमी दोघं खाली उतरलो. मागं बाकीच्या लॉऱ्या येतायत, धुरळा उडतोय. त्याने हात उचलले, आणि मला विचारला, तुझ्या बापाचं पूर्ण नाव काय? त्याच्या बापाचं काय? मग दोन्ही नावं घेऊन दुआ मागितली. बोलला, नाव पुरा पाहिजे, मग पोचते."

समोरच्या रस्त्यावरून एक शाळेची बस गेली. चाचांनी तिच्याकडे बघितलंही नाही.

"उस्ताद गेल्याचा कळला, तवापासून मी रोज नमाजीनंतर त्याच्यासाठी मागतोय. किती वर्षं झाली. रोज 'उस्ताद, उस्ताद' म्हणूनच मागतोय, बाय. त्याने माझ्या बापाचं नाव विचारला. मी त्याचं कधी विचारलाच नाय."

त्यांनी खिशातून कागद काढला. टायरच्या दुकानात लिहून घेतलेला, एका कोपऱ्याला ग्रीस लागलेला.

"आता रोज पुरा नाव घेतो," ते म्हणाले. "बापासकट."